बोधिवृक्षाला करवत लावणारी

उपासना खोब्रागडे इथे अमेरिकेत वीजतारांखालची झाडं कापते. डोक्यावर हेल्मेट, हातात लांब दांड्याची करवत, ट्रकच्या पाळण्यात उभी राहून ती फांद्या उतरवत असते आणि खालच्या अंगणातून कुणीतरी तिला शिव्या घालत असतं. "मावशी, मला टाळ्या कधीच मिळत नाहीत," ती मला म्हणते. मी तिला सांगते, पोरी, झाडीपट्टीच्या नाटकांत मी सावत्र आया रंगवल्या. सिंदेवाहीला एका बाईनं भर प्रयोगात मला चप्पल फेकून मारली. ती चप्पल मी पुढे कितीतरी वर्षं पेटीत जपली. आपलं काम लोकांपर्यंत पोचलं, याची ती पावती होती.

उपासना भंडाऱ्याकडची. तिच्या आईनं मंडपात बसून माझं नाटक पाहिलेलं, म्हणून पहिल्याच भेटीत तिनं मला मावशी करून टाकलं. मी लेकाकडे न्यू जर्सीला राहायला आले, तेव्हा आमची ओळख पिस्कॅटवेच्या विहारात झाली. विहार म्हणजे आपल्या लोकांनी मिळून घेतलेलं एक साधं घर. रविवारी वंदना, मग पोहे, चहा आणि भरपूर वाद. मागच्या बाजूला काचेची खोली आहे. तिथे एका मोठ्या पिंपात बोधिवृक्ष वाढतो, कारण इथल्या थंडीत पिंपळ उघड्यावर तग धरत नाही.

तो लावला मीराताईंनी. फ्लोरिडातल्या नर्सरीतून वीतभर रोप घेतलं आणि परतीचा सगळा प्रवास मांडीवर घेऊन बसल्या. नवरा गाडी हळू चालवत नाही म्हणून वाटभर भांडल्या, असं धर्मराज स्वतःच सांगतात. धर्मराज रामटेके म्हणजे औषध कंपनीतून निवृत्त झालेले केमिस्ट, आमच्या विहाराचे अध्यक्ष. मीराताई गेल्या, झाड राहिलं. धर्मराज रोज सकाळी येऊन त्याला पाणी घालतात, पानं पुसतात. त्या वेळी खोलीत कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात झाडाचा शेंडा छताच्या काचेला टेकला. गारठ्यानं वरची पानं काळी पडली, एक काच तडकली. कमिटी बसली. प्रितम नावाचा आमचा सेक्रेटरी आयटीतला, सगळं आधीच ठरवून आलेला. म्हणाला, "युनिव्हर्सिटीच्या ग्रीनहाऊसशी बोललोय. ते घ्यायला तयार आहेत. झाड सेफ राहील, आपण व्हिजिट करू शकतो."

धर्मराजांनी हातातला कप तेवढा खाली ठेवला. रंगमंचावर मी पुष्कळ मोठमोठे आक्रोश ऐकलेत, पण कप ठेवण्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

उपासना उभी राहिली. "द्यायची गरज नाही. आपण ते डोक्याएवढ्या उंचीवर कापू. तिथून नवे फुटवे येतील. दर वर्षी पानं गळाली की ते फुटवे पुन्हा त्याच जागी कापायचे. खोड जाड होत जाईल, उंची तेवढीच राहील. याला पोलार्डिंग म्हणतात."

"बोधिवृक्षाचं मुंडकं उडवणार तू?" प्रितम म्हणाला. "यार, फोटो बाहेर गेला तर नागपूरपर्यंतच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपली धिंड निघेल."

"मग तू फोटो काढू नकोस."

"मीराच्या हातचं आहे ते," धर्मराज म्हणाले.

"म्हणूनच म्हणते काका, इथेच ठेवू."

"आणि मेलं तर?"

"पिंपळ आहे तो. विहिरीच्या भेगेत उगवतो. गावाकडे बकऱ्यांसाठी पार ओरबाडतात, तरी फुटतो. मेलं, तर उपासनानं मारलं असं बोर्डावर लिहा." मग तिनं अट घातली. "पण एकदा सुरू केलं की सोडता येत नाही. मध्येच सोडलं तर वरचे फुटवे जाड होतात, त्यांचा जोड कच्चा असतो, वजनानं फाटून खाली येतात. या वर्षी मी कापेन. पुढच्या वर्षी तुम्ही."

"मी? मी कशाला?"

"मला उद्या मिशिगनला पाठवलं तर याच्याकडे कोण बघणार? ज्याचा याच्यावर जीव आहे, त्याच्या हाताला सवय हवी. कबूल नसेल तर मी करवत आणतच नाही."

धर्मराजांनी 'हो' म्हटलं, पण ते तिच्याकडे न बघता. झाड काही जगत नाही, मग पुढच्या वर्षाचा प्रश्नच कुठे येतो, असा तो होकार होता.

मार्चमध्ये तिनं कापलं. तीन मुख्य फांद्या, तिन्ही आखूड, टोकाला पांढरा चीक. खोलीभर उजेड पसरला आणि मध्ये तो बोडका खुंट. लोक वंदनेला येत, काचेतून डोकावत आणि उपासनाला टाळून पोहे घेत. एक काकू मला म्हणाल्या, "शिकलेली मुलगी, पण हात कसाबाचा." मी म्हटलं, "तुम्ही पहिला अंक बघून उठून चाललात." उपासना मात्र निवांत पोहे खायची. लिंबू नाही म्हणून तक्रारही करायची.

एप्रिलमध्ये, जयंतीच्या तयारीत आम्ही गुंतलेले असताना, खुंटांच्या टोकांना कोंब आले. मग पानं आली, तांबूस, ओल्यासारखी चमकणारी, आधीच्या पानांहून मोठी. बुद्धपौर्णिमेला झाडाला छान गोल डोकं आलं होतं. धर्मराजांनी उपासनाला "जय भीम" म्हटलं आणि स्वतःच्या हातानं तिच्या ताटात खीर वाढली. त्या वर्षभर ते पाहुण्यांना झाड असं दाखवत, की जणू पोलार्डिंगची कल्पना त्यांचीच.

खरा पेच आला यंदा. मार्च आला, पानं गळाली, आणि धर्मराजांना सबबी सुचू लागल्या. गुडघा दुखतो. हवा अजून थंड आहे. शेवटी म्हणाले, "आत्ता कुठे भरलंय गं ते. एक वर्ष जाऊ दे."

"एक वर्ष म्हणता म्हणता ते पुन्हा काचेला लागेल," उपासना म्हणाली. "मग झाड न्यायला प्रितमचा ट्रक येईल."

"ट्रक मी बुक करणार नाहीये," प्रितम म्हणाला. "मागच्या वेळी तुम्ही लोकांनी मला व्हिलन केलं."

रविवारी वंदनेनंतर धर्मराज स्टुलावर चढले. उपासनानं त्यांच्या हातात छोटी करवत दिली. त्यांनी पहिला फुटवा कापला, दुसरा कापला, असं करत एक फांदी पूर्ण केली. आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात उपासना म्हणाली, "काका, हे नाही चालणार."

त्यांनी प्रत्येक फुटव्याचा वीतभर तुकडा मागे ठेवला होता. दया आली होती त्यांना.

"थोडं राहू दे की त्याला," ते म्हणाले.

"हे तुकडे वाळून कुजतात. कूज मग आत उतरते. नवे कोंबही वरून फुटतात, आणि झाड दर वर्षी वीतभर उंच होतं. ही गाठ बघा." तिनं त्यांचं बोट फांदीच्या टोकाशी फुगलेल्या जागी टेकवलं. "पुढची पालवी इथे आहे. गाठीला धक्का लावायचा नाही, पण तिच्यापर्यंत जायचं."

माझ्या मनात आलं, हा माणूस आता स्टुलावरून उतरला तर झाड या घरातून गेलं. मी पुढे होऊन स्टूल धरलं. आयुष्यभर विंगेत उभी राहून मी दुसऱ्यांना प्रवेशासाठी हलकेच ढकललंय. तेवढी कला अजून हातात आहे.

"मीरा असती तर मला ओरडली असती," धर्मराज म्हणाले.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

त्यांनी मागे ठेवलेल्या तुकड्यांकडे पाहिलं. "अर्धवट काम केलं म्हणून," ते म्हणाले, आणि पहिल्या तुकड्याच्या बुडाशी करवत लावली.

चीक त्यांच्या बाहीवर ठिबकत होता. तुकडे एकेक करून खाली पडत होते. दुसऱ्या फांदीला त्यांनी कुणाला विचारलं नाही. गाठ बोटानं चाचपली आणि सरळ कापलं. ते तिसऱ्या फांदीकडे वळले, तशी उपासना त्यांना काही सांगायला पुढे झाली.

"उपासना, बाजूला हो जरा," ते म्हणाले. "उजेड अडवतेस."