सायकलवरचं हेल्मेट

कामठ्याच्या चहाटपरीवर मी त्यांना एकाच दिवशी दोनदा पाहिलं. साठी ओलांडलेले गृहस्थ, धोतर, स्वेटर, हातात सायकल आणि डोक्यावर हेल्मेट. टपरीवर दोन शेतकऱ्यांचा गारपिटीवर वाद चालला होता. एकाचा मोबाईल बोराएवढ्या गारा सांगत होता, दुसऱ्याचा कडक ऊन. दोघांचं कापलेलं धान शेतातल्या बांधीत उघडं पडलं होतं. या गृहस्थांचंही.

"काका, तुमचा अंदाज काय?" एकाने विचारलं.

त्यांनी हेल्मेटची काच वर केली, आकाश न्याहाळलं आणि काच खाली घेतली.

"सकाळपासून बिरसीच्या विमानशाळेचं एक विमान उडून नाही राहिलं. शिकाऊ पोरं गारायले भेतेत. आज गारा पडतेतच."

"अन् हेल्मेट काऊन?"

"गार काय सांगून पडते?"

दोघेही मोबाईल खिशात टाकून धान झाकायला पळाले. त्यांच्यामागे हे सायकलवरून, घाई न करता.

दिवसभर लख्ख ऊन पडलं. संध्याकाळी तिघेही टपरीवर होते. ताडपत्र्या ओढून दोघांचे हात सोलले होते आणि ते काकांकडे रागाने पाहत होते. मी चौकशी केली होती. बिरसीच्या विमान चालवायला शिकवणाऱ्या केंद्राला त्या दिवशी सुट्टी होती. तसं मी काकांना सांगितलं.

ते जराही गडबडले नाहीत.

"मंग? सुट्टी कायले देल्ली असन?"

त्यांनी काच वर केली, बशीतला चहा संपवला आणि काच पुन्हा खाली घेतली.