शिवेवरचे कंदील

"उपटून टाक ते सारं! नाहीतर तुले पंचायतीत उभी करतो!" माझी शेजारीण कौसाबाई भर रस्त्यात ओरडत होती.

भांडण एका झाडावरून. गुलाब-मोगरा लावणाऱ्या बायकांना जन्मभरात जेवढे किस्से मिळत नाहीत, तेवढे या हातभर झाडानं मला दिले! फूल असं मरतुकडं की देवाला वाहायची लाज वाटावी. पण फूल गळलं की बीभोवती कागदी कवच फुगतं, नारिंगी होतं, अन् फांदीफांदीला आकाशकंदील लटकतात. माझ्या फौजी भावानं सिमल्याहून त्याचं मूळ ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. आणीबाणीच्या आधीची गोष्ट.

* * *

कौसाबाई पहिल्याच दिवशी हसली. "हे तं चिरबोटी होय! धानाच्या बांधीवर फुकट उगवते. सिमल्याहून काहून आनली?"

"जावई तं साकोलीतही होते. तू नागपूरचा काहून आनला?"

* * *

उन्हाळ्यात झाड वाळून काडी झालं. कौसाबाई सांत्वनाला आली, तोंडभर हसत.

"मेलं ना शेवटी?"

"माही सासू दोनदा मेली होती. दोन्ही खेपेले उठून चहा मांगला!"

पावसाळ्यात मुळापासून झुबकाच वर आला.

* * *

करडी गावचे पाहुणे माझ्या पुतणीला बघायला आले. अंगणात सुपात कंदील वाळत होते. मुलाच्या मामांनी एक उचलून तोंडात टाकला. चावले, थांबले.

"कुरडई नरम पडली वाटते."

"तळायची आहे अजून," मी म्हटलं. "पोरगा पसंत पडला तं तळीन!"

पडला नाही.

* * *

या झाडाची खोड एकच. मुळं जमिनीखालून हिंडतात. ती कुंपणाखालून कौसाबाईच्या वांग्यांत निघाली. मी माहेरी गेलेली. तिनं माझ्या वाफ्यातलंही सगळं खणून काढलं. पोळ्याचा दुसरा दिवस होता. त्या दिवशी आमच्याकडे नारबोद काढतात, घरादाराची पीडा घातलेलं बाईचं बुजगावणं गावाबाहेर ओढ्याकाठी नेऊन फेकतात. कौसाबाईनं माझी झाडं मुळांसकट त्यात टाकली अन् डफड्याच्या मागं नाचत गेली, "रोगराई घेऊन जा गे नारबोद!"

मी आले तर वाफा रिकामा. भाऊ तोवर राहिला नव्हता. त्याची तेवढीच वस्तू होती माझ्याकडे.

दोन पावसाळे गेले, अन् दसऱ्याला गावाची शीव नारिंगी! ओढ्याच्या काठानं कंदीलच कंदील. बाया भ्यायल्या, नारबोद परत आली म्हणून. कौसाबाईनं माझ्याकडे बोट दाखवलं, "हिनंच चोरून लावले!" पंचायतीची धमकी ती हीच. पंचांनी उपटा म्हटलं असतं, तर उरलंसुरलं मूळही गेलं असतं.

सारा मोहल्ला जमला. मी ओसरीवरून उठले, चपला घातल्या.

"चाल, आत्ताच जाऊ पंचायतीत. अन् तूच सांग, वाजतगाजत नेऊन कोनं लावले ते!"