शनिवारचे साहेब

"बोला, इथे कोर्ट नाही," असं म्हणत साहेब काळा कोट काढायचे, शाळेच्या खिडकीला अडकवायचे आणि सतरंजीवर मांडी घालून बसायचे. समोरची माणसं मात्र बराच वेळ उभीच. न्यायाधीशासमोर बसायची सवय कुणाला असते, तुम्हीच सांगा.

ऐंशी सालाच्या सुमारास ते बदलून पौडला आले. मी तिथल्या कोर्टात कारकून होतो. धरणापलीकडच्या वाड्यांतली माणसं तारखेसाठी दिवसभर चालून यायची आणि पुढची तारीख घेऊन परत जायची. काही दिवस साहेबांनी हे पाहिलं, मग म्हणाले, "त्यांनी येण्यापेक्षा आपणच जाऊ." तेव्हापासून दर शनिवारी आम्ही एसटीनं कुठल्या तरी गावच्या शाळेत जाऊ लागलो. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तडजोड करायची, एवढंच काम. लोक त्याला 'शनवारचं कोर्ट' म्हणायचे.

बांधावरच्या फणसावरून दोन सख्खे भाऊ भांडत आले होते. वर्षानुवर्षं बोलणं बंद. साहेबांनी विचारलं, "फणस खातं कोण?"

"वांदरं," दोघं एकदमच बोलले.

"मग वांदरांना पक्षकार करायला हवं." थोरला हसला, त्याला बघून धाकटाही हसला. निकाल तिथेच लागला. परतताना एसटीत साहेब लहान मुलासारखे खूश होते.

अशाच एका शनिवारी ती आली, डोंगरवाडीची, विशीतली. नवरा पिरंगुटला कारखान्यात होता. मारतो म्हणून ती माहेरी बापाकडे राहिली होती. मारहाणीचं सगळं साहेबांना सांगून तिनं पोटगी मागितली.

"मला नांदायचं न्हाई, सायेब," ती शेवटी म्हणाली.

नवऱ्यानं सगळ्यांदेखत सासऱ्याचे पाय धरले. पुन्हा हात उचलणार नाही म्हणाला, रडलासुद्धा. जमलेले गावचे पंच खूश झाले. साहेबांनाही ते खरं वाटलं. ते तिला म्हणाले, "पोरी, एक संधी दे. मी आहे ना."

तिनं बापाकडे पाहिलं. बाप साहेबांकडे बघत होता. मग ती उठली आणि नवऱ्यामागून चालू लागली. कुणीतरी साखर वाटली.

पावसाळ्याच्या आत ती सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं.

बाप कोर्टाच्या पायरीवर येऊन बसला. साहेब काम थांबवून बाहेर आले. तो ओरडला नाही की रडला नाही. म्हणाला, "तुमी म्हणला म्हून धाडली, सायेब."

साहेब त्याच्या शेजारी पायरीवर बसले. आत वकील खोळंबले होते, पण कुणी हाक मारायला गेलं नाही.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा गावात गेले. आता बाई आली की तिला आधी एकटीला बसवायचे. नवरा, बाप, पंच सगळे बाहेर. "तुला जायचंय का?" ती नाही म्हणाली की तडजोडीचा विषय संपला. गावपुढारी चिडले. साहेब घरं मोडतात, अशी ओरड सुरू झाली.

नवऱ्यावर पुण्यात खटला उभा राहिला. साहेबांना साक्षीला बोलवायची कुणाची हिंमत नव्हती. ते आपणहून गेले. वरिष्ठांनी समजावलं, न्यायाधीशानं पिंजऱ्यात उभं राहणं बरं दिसत नाही. ते म्हणाले, "तिनं मारहाणीचं मला सांगितलं होतं. आता दुसरं कोण सांगणार?"

मी त्या दिवशी सोबत होतो. आरोपीच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला. "एवढा धोका होता, तर तिला परत कुणी पाठवलं?"

"मी," साहेब म्हणाले.

नवरा सुटला. पुराव्याअभावी.

आम्ही तिघं, बाप, साहेब आणि मी, एकाच एसटीनं पौडला आलो. पौडला उतरून बाप डोंगराच्या वाटेला लागला. साहेबही त्याच्यामागे निघाले. तो त्यांना या म्हणाला नाही, परत जा असंही म्हणाला नाही. पुढे म्हातारा आणि मागे साहेब, चढण चढताना मला दिसत राहिले.

लवकरच साहेबांची लांब विदर्भात बदली झाली. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. नव्या साहेबांना कोर्टातल्याच कामातून सवड नव्हती. शनिवार बंद झाले.

त्यानंतर एकदा दुपारी एक बाई आली. पायांवर धूळ होती आणि एक डोळा सुजून मिटला होता. "बाईला एकटीला इचारत्यात, ते सायेब कुटं हायेत?"

"बदलून गेले, बाई. तुम्ही वकील करा, अर्ज द्या. मी सांगतो कसा द्यायचा."

"मग नवराबी येईल ना हितं? म्होरं उभा ऱ्हाईल?"

मी हो म्हणालो. तिनं पदर डोळ्यावर ओढला आणि वळली.

"अहो, पण कुठं निघालात?"

"नांदायला," ती म्हणाली.