माझ्या नावाखालचा सल्ला

करिअरच्या मासिकांची मला शिसारी येते. दंतवैद्याकडे टेबलावर पडलेली दिसली तरी मी भिंतीकडे बघत बसते. त्यातल्या झाडून साऱ्या बायका हाताची घडी घालून हसत असतात. त्यांतली एक मी आहे.

नवरा हवाई दलात. त्याची बदली झाली की माझी नोकरी सुटायची. चंडीगडला आल्यावर प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न, "सर की अगली पोस्टिंग कब है?" खरं सांगितलं की चहा यायचा, देशसेवेचं कौतुक व्हायचं आणि नोकरी दुसऱ्याच कुणाला मिळायची. शेवटी आयटी पार्कातल्या एका कंपनीत मी सरळ ठोकून दिलं, की नवऱ्याचा मोहालीत धंदा आहे. नोकरी लागली. पुढे कंपनीतल्या साहेबांना खरं कळलं तेव्हा ते नुसते हसले. तोवर माझ्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं.

हे सगळं मी लिहून काढलं आणि सेक्टर ३४ मधल्या एका करिअर मासिकाकडे नेऊन दिलं. इंग्रजीत, अर्थात. खाली कोचिंग क्लास, वर यांचं ऑफिस. संपादक अगदी गोडबोल्या. "बहुत बढ़िया मॅडम जी! बस थोड़ा पॉझिटिव्ह कर देंगे." मला वाटलं, एखादं वाक्य इकडचं तिकडे करतील. मग त्यांनी मला भिंतीपाशी उभं केलं, हाताची घडी घालायला लावली आणि फोटो काढला.

अंक आला. त्यात मी मुलाखतीत सगळं मोकळेपणानं सांगितलं होतं आणि कंपनीनं माझ्या प्रामाणिकपणाची कदर केली होती! खाली ठळक चौकटीत सल्लाही होता : आपली ओळख लपवू नका. संपादकांना फोन केला, तर म्हणाले, "रीडर को होप चाहिए, मॅडम जी." तोवर लेख आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर फिरला होता. अभिनंदनांचा पाऊस. हे मी लिहिलेलं नाही, असं भेटेल तिला सांगत होते, तर लोकांना तो माझा विनय वाटायचा. विनय कसला डोंबलाचा!

आमच्या खालच्या मजल्यावर अमरावतीची एक नवी नवरी राहायची. तिचा नवरा माझ्या नवऱ्याला ज्युनियर. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती इथं आलेली, नोकरीवाचून घरात नुसती कोमेजत चालली होती. मोहालीतल्या एका कंपनीत तिची शेवटची मुलाखत होती. त्या संध्याकाळी ती वर आली, तेव्हा चेहरा पार उतरलेला.

"झालंच होतं नं ताई सगळं. पगाराचं पण बोलून झालं होतं. मग मी आपणहून सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"यांचं. एअर फोर्सचं. तुमचं वाचूनच तर गेले होते."

चूक आम्हा फौजी बायकांकडूनच होण्यासारखी. वर्दीचं नाव घेतलं की गेटवर सलाम मिळतो, बँकेत खुर्ची मिळते. ते नाव कुठं नडेल हे नव्या मुलीच्या मनातही येत नाही. माझ्या मनात ते आलं होतं, आणि ते मी लिहिलंही होतं.

"मग तुम्हाला कशी मिळाली?" तिनं विचारलं.

"खोटं बोलून."

"मग तसं लिहायचं नं, ताई."

"तसंच लिहिलं होतं गं. थांब, लॅपटॉपवर दाखवते."

"राहू द्या," म्हणाली आणि चहा न घेताच खाली गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी संपादकांना फोन लावला. एका मुलीची हातातली नोकरी गेली, पुढच्या अंकात खुलासा छापा, असं बजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उत्साहानं म्हणाले, "तो मॅडम जी, अगला आर्टिकल रिजेक्शन पर लिखिए ना! आपके नाम से बहुत चलेगा."

खुलासा कधीच आला नाही. मुलगी अजून घरीच आहे. जिन्यात भेटली की बाजूला सरून मला वाट देते आणि साहेबांच्या बायकोला म्हणावं तसं अदबीनं म्हणते, "गुड मॉर्निंग, मॅम."