पावडरवर बसलेली राख

बाईंनी पर्समधून ओला कागदी रुमाल काढला, रांगेतल्या एका पोरीच्या गालावरून फिरवला आणि काळा झालेला तो रुमाल चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला.

"बघा. हा आजार नाही, हा आळस आहे. यांना औषध कशाला? साबण द्या."

टाळ्या पडल्या. फोटोवाल्याने रुमाल जरा वर धरायला सांगितला. बाईंनी धरला.

ती पोर माझी होती. वेणू. पाच वर्षांची.

मी तीन पावलांवर पुष्पगुच्छ घेऊन उभी होते. वस्तीतलीच बाई, अंगणवाडीची सेविका, बी.ए. झालेली. तोंड होतं, उघडलं नाही.

आमची वस्ती नागपूरच्या उत्तरेला, वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाला लागून. उन्हाळ्यात तलाव सुकतो, वारा सुटतो. राख भातावर बसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते, झोपलेल्या लेकराच्या पापण्यांवर बसते. डोक्यावर पत्रा, घरात चुलीचा धूर. नवऱ्यांना ठेकेदाराकडे काम, तेही आज आहे, उद्याचं माहीत नाही. ताटात काय पडेल ते त्यावर. पोरं खोकतात. वजनाचा काटा महिनोन् महिने एकाच आकड्यावर थांबतो. बाई साहेबलोकांच्या कॉलनीत राहतात. तिथे झाडांची पानंसुद्धा माळी धुतो. तिथल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. आमच्याकडे आरोग्य शिबिर घ्यायचं त्यांच्या मनात आलं.

त्या सकाळी टँकर आला. आम्ही गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन धावलो. टँकरवाला म्हणाला, "आज तुमचं पाणी नाही वं. रस्ता भिजवाचा आहे. पाहुण्याइच्या गाड्या येऊन राहिल्या."

रस्ता पाणी प्यायला. आम्ही काय केलं? घरात साठवलेलं पिण्याचं पाणी काढलं आणि पोरांना आंघोळी घातल्या. पाहुण्यांसमोर लेकरू नीट दिसलं पाहिजे. मग आमच्यात घरोघरी करतात तेच केलं. गाल आणि मान पावडरने पांढरीफटक केली. मीच सगळ्यांना सांगितलं होतं तसं करायला.

कार्यक्रम नऊचा. बाई साडेअकराला आल्या. तोवर पोरं उन्हात घामेजली आणि ओल्या पावडरवर राख थापली गेली.

भाषणाचा विषय होता, आई हीच बाळाची पहिली डॉक्टर. बोलताना बाई दोनदा बाटलीतलं पाणी प्यायल्या. पोरं विषयाकडे नाही, बाटलीकडे पाहत होती.

तपासणी सुरू झाली. डॉक्टर तरुण होता. वेणूच्या छातीला नळी लावून "घरघर आहे" एवढंच पुटपुटला. अर्ज सेविका भरते, डॉक्टर खाली सही करतो, अशी पद्धत. अर्जात एक रकाना, त्रासाचं कारण. तिथे श्वासाचा आजार लिहिला तर शहरातल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळते. अस्वच्छता लिहिलं की साबण मिळतो आणि विषय संपतो.

आमच्या सुपरवायझर मॅडम कानाशी आल्या. "सगळ्यांना अस्वच्छता लिही. बाई भाषणात बोलून गेल्या आहेत. आता दुसरं लिहिलं तर त्यांचा अपमान होईल."

अपमान त्यांचाही होऊ शकतो, हे मला नवीन होतं.

पहिल्या दोन अर्जांवर मी अस्वच्छता लिहिलं. ते लपवणार नाही. तिसरा अर्ज वेणूचा होता. बाईंनी दिलेला साबण हातात घेऊन ती माझ्याजवळ आली.

"माय, मी त आंगोळ केली होती ना. तू सांगितलं काहून नाही?"

स्वतःचीच किळस आली. बाईंच्या रुमालाची आली होती त्याहून जास्त.

मी पहिल्या दोन अर्जांवरचं खोडलं. तिन्हींवर लिहिलं, राखेमुळे श्वासाचा आजार, मोठ्या दवाखान्यात पाठवा. पुढच्या प्रत्येक खोकणाऱ्या पोराच्या अर्जावर तेच लिहिलं.

"नोकरी नको झाली का तुले?" मॅडम म्हणाल्या. घाबरल्या की त्यांची भाषा आमची होते.

"पाहिजे न. या पोराइसाठीच त आहे थे."

डॉक्टरने बाईंची गाडी निघाल्याची खात्री करून घेतली आणि सह्या केल्या.

मोठ्या दवाखान्यात वेणूला श्वासाचा पंप दिला आणि हवा बदलायला सांगितलं. हवा बदलायला कुठे जायचं, ते चिठ्ठीत लिहिलेलं नाही. मला मात्र कारणे दाखवा नोटीस आली. कारणं मी अर्जांवर आधीच दाखवली होती. तीच पुन्हा लिहून पाठवली.

आता बाईंचं पुढचं शिबिर ठरलं आहे. आम्ही बायकांनीही ठरवलं आहे. त्या दिवशी आंघोळ नाही, पावडर नाही. टँकरसमोर पहिली मी बसेन. पाणी गुंडात जाईल, रस्ता कोरडा राहील. बाईंना हवं तेवढं बोलू देऊ. राख बसायला वेळ लागतो. मग रुमाल मी काढीन, त्यांच्या गालावरून फिरवीन आणि सगळ्यांना दाखवीन.