पाठ मातीला टेकवणारे वस्ताद

वस्ताद विठोजीरावांची आणि माझी ओळख माझ्याच आगाऊपणातून झाली. मी राजारामपुरीतला रेडिओ दुरुस्त करणारा. जुदो शिकलो तो रद्दीत मिळालेल्या पुस्तकातल्या चित्रांवरून. पण प्रत्येक पकड मेहुण्याला धरून पडताळलेली, हे ठासून सांगतो. कळंब्याच्या वाटेवरच्या त्यांच्या तालमीत जाऊन मी म्हणालो, "खाली पडल्यावर खरी झुंज सुरू होते."

मातीच्या हौद्यातले पैलवान खदखदून हसले. "पावणं, खाली पडल्यावर आमच्यात घरी जात्यात!"

वस्ताद हसले नाहीत. "दाखवा की," म्हणाले.

अडचण तिथंच आली. कुस्तीत दोन्ही खांदे मातीला लागले की पैलवान हरला. ही विद्या मात्र उताणं पडूनच शिकायची. एकही पठ्ठा आडवा होईना. थोरला शिष्य म्हणाला, "मेलो तरी पाठ लावणार न्हाय."

तेव्हा वस्तादांनी सदरा काढला. त्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. त्या लौकिकावरच लोक पोरं तालमीत घालायचे. साठीला टेकलेले वस्ताद सगळ्यांदेखत उताणे झाले. "या मास्तर, बसा छाताडावर."

शरमेनं माझं पाऊल उचलेना. तरी, छाताडाऐवजी त्यांच्या दोन पायांमध्ये गुडघे टेकून बसलो. मी सांगेन तसे त्यांनी पाय माझ्या कमरेभोवती आवळले, हात ओढून कोपर ताणला. त्यांचा गुडघा बोटभर बाहेर होता, तोही मी दुरुस्त केला. पुढच्या क्षणी 'हरलो, सोडा' या खुणेसाठी मीच माती थोपटत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांचे एक जुने जोडीदार दारातूनच ओरडले, "विठोजी, रेडिओवाल्यानं पाठ लावली म्हणं तुझी?"

"लागली की! आता खालनं वर कसं यायचं त्ये शिकतोय. तू येतोस?"

थोरला शिष्य तालीम सोडून गेला. वस्तादांनी त्याला अडवलं नाही, वाईटही बोलले नाहीत. उरलेले पठ्ठे मात्र मुकाट्यानं आडवे झाले.

जपानची ही विद्या ब्राझीलला जाऊन जमिनीवरच्या झुंजीतच वाढली, असं वाचनात येतं. आमच्याकडे ती एका माणसानं आपली अब्रू मातीत ठेवली म्हणून रुजली. माझी पत्नी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हेच वस्ताद सायकलवरून दूध आणून देत. वर पुन्हा "मास्तर, काय लागलं तर सांगा" म्हणत. चारचौघांत ते मला अजून मास्तरच म्हणतात, आणि माझी मान खाली जाते.

आज पंच्याहत्तरी गाठलेल्या वस्तादांना पुढंही उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि एकदा तरी त्यांनी मला पायांवर डोकं ठेवू द्यावं. मी वाकलो की ते मनगट धरतात, आणि ती पकड मला आजवर सोडवता आलेली नाही.