तिफणीतला मधला माणूस

"नाचणं आपल्या घरी बंद झालं," बाबा एवढंच म्हणतात. म्हणून बीएचा निकाल लागला त्याच आठवड्यात मी आजोबांचा नाच शोधायला निघाले. आजोबा दंडारीत, गावच्या रात्रभर चालणाऱ्या खेळात, नाचायचे, नाच बसवायचेही. त्यांचा 'तिफण' गावोगावी गाजला आणि शाळेत बाबांना पोरं 'नाच्याचा' म्हणून चिडवत राहिली. तो नाच नाचलेले आता एकटेच उरलेत, डोणगावचे सखारामआबा.

आमच्या वडनेर भोलजीहून थेट गाडी नाही. नांदुरा, खामगाव, मेहकर अशा गाड्या बदलत जायचं. बायांना अर्धं तिकीट. मेहकरच्या स्टँडवर आलूबोंडा गरम मिळतो, पण माझं लक्ष फलाटावर. मी पोचेपर्यंत आबा विसरले तर?

आबा बाजेवर बसले होते.

"कोन वं?"

"वडनेरची. गणपतरावांची नात."

"गनपतची? अन् माहे गुडघे गेल्यावर आली?"

शेजारी पीठ चाळणारी सून हसली. "आबा, तुमचे गुडघे माह्या लग्नाआधीच गेले!"

आबांनी तिची परात ओढली. "पाय गेले, बोटं हायेत." पिठात तीन बोटं ओढली, पेरणीच्या तिफणीसारख्या तीन रेघा उमटल्या. "तिघं असे पुढं. टाक, दाब, झटक." कडेची दोन बोटं नाचली. मधलं उभंच.

"अन् मधलं, आबा?"

"मधात तुहा आजा. मी डाव्या बाजूले. मान वळवली का गनपत शिव्या दे. मधला मले दिसलाच नाही, माय. तो पुढं बसणाऱ्याले दिसे."

सुनेनं प्रेमानं बेसन-भाकर वाढली. परतताना खिडकीशी बसून मी पुढं बसणारी माणसं आठवत होते. कुणाचंच नाव सापडेना. डोणगावला जायचं तर पहाटेची पहिली गाडी धरा, आणि निघण्याआधी घरात नीट विचारा. मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात आईला उजवीकडे उभं केलं, मी डावीकडे, मध्ये रिकामी जागा. "टाक, दाब, झटक." आईला हसू आवरेना. बाबा ओट्यावर चहा पीत होते.

"येवढी जागा नसते मधात," ते म्हणाले. "सरका."

आम्ही सरकलो.

"तुमाले कसं माहीत, बाबा?"

"मी पुढंच बसो. दर वेळी."

त्यांनी कप खाली ठेवला आणि चपला काढल्या.